झांकली मूठ आणि उघडी वही

खानदेशांतील व्यापारी वर्गास मंदी ही कांहीं नवी पाहुणी नव्हे. ज्या प्रांताचें सुखदुःख कापसाच्या बोंडाशीं बांधलेलें आहे, त्या प्रांतांत चार वर्षें तेजीचीं आलीं तर दोन मंदीचीं यावयाचींच. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, म्हणून आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो भाव कोसळला, १ जुलै १८६५ रोजीं मुंबईंत सट्ट्याचे व्यवहार चुकते करण्याचा दिवस उगवला, आणि कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. पुढें बँक ऑफ बॉम्बेही त्यांच्या मागोमाग बुडाली. हल्लींच्या पिढीनें तोच खेळ लहान प्रमाणांत पाहिला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यांत क्विंटलास दहा हजारांच्या वर गेलेला कापूस पुढील दोन हंगामांत सात हजारांच्या आसपास उतरला, आणि चढ्या भावाच्या आशेनें घरांत कापूस सांठविणारा शेतकरी व गोदाम भरून बसलेला जिनिंगवाला हे दोघेही हात चोळीत राहिले. २०२५ च्या ऑगस्टांत तर परदेशी कापसावरील आयात जकात वर्षअखेरपर्यंत माफ झाली व त्याच महिन्यांत अमेरिकेनें आपल्या देशाच्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात बसविली. भाव चढणें-उतरणें आपल्या हातीं नाहीं. परंतु उतरत्या भावांत आपण कसें वागावें हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे, आणि त्याच प्रश्नाचा विचार करावयाचें आम्हीं आज योजिलें आहे.

सचोटी, एकाग्रता व धुरीणत्व हे तीन शब्द सभासंमेलनांतून इतके घासले गेले आहेत कीं ते कानावर पडतांच श्रोता जांभई देतो. व्यापाऱ्यास उपदेश नको असतो, हिशेब पाहिजे असतो. म्हणून या तीन गुणांचा जमाखर्चच आम्ही मांडून दाखवूं इच्छितों, आणि तोही आपल्याच मुलखांतील वह्यांवरून.

पहिलें कलम खर्चाच्या बाजूचें आहे. वर सांगितलेल्या तेजीच्या दिवसांत कापसावर पाणी मारणें, त्यांत सरकी व माती मिसळणें, हलका माल चांगल्यांत घुसडणें हे प्रकार इतके माजले कीं मुंबई सरकारास १८६३ सालीं कापसांतील लबाडीसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला व तपासनीस नेमावे लागले. लँकेशायरांत त्या काळीं मुंबई इलाख्याच्या बहुतेक कापसास ‘सुरती’ म्हणत, आणि तो शब्द तेथें भेसळीचा पर्याय होऊन बसला. माल दुर्मिळ होता तोंवर गिरणीवाल्यानें नाक मुरडीत तो घेतला. अमेरिकेचा कापूस पुन्हां बंदरास लागतांच त्यानें पहिला निरोप आमच्या मालास दिला. लबाडी होते तेजींत, पण तिचें बिल येतें मंदींत. ज्यानें पाणी मारून दोन पैसे मिळविले तो कदाचित् सुटलाही असेल. परंतु त्याच्या प्रामाणिक शेजाऱ्याचा माल मात्र त्याच्याच नांवानें मोजला गेला. पेठेची पत ही सामाईक विहिरीसारखी आहे. एकानें घाण केली कीं सर्वांस तेंच पाणी प्यावें लागतें.

दुसरें कलम जळगांवचें. जामनेर तालुक्यांतील वाकोद येथें १९३७ सालीं जन्मलेले भवरलाल जैन यांनीं १९६३ सालीं सात हजार रुपयांच्या भांडवलावर घासलेटाचा व्यापार आरंभिला. पुढें खतें, बियाणें, ट्रॅक्टर असें शेतीस लागणारें सामान त्यांनीं हळूहळू दुकानांत आणिलें. १९७८ सालीं केळ्याची भुकटी करण्याचा एक आजारी कारखाना त्यांनीं ३० लाख रुपयांस घेतला व त्यांतच पपईच्या चिकापासून पपेन काढून तें परदेशीं पाठविण्याचा उद्योग उभा केला. १९८० सालीं पी.व्ही.सी. नळ्या आल्या, त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आलें, आणि नंतर उतिसंवर्धनानें तयार केलेलीं केळीचीं रोपें आलीं. रावेर-यावलच्या केळीबागांतील विहिरींचें पाणी वर्षानुवर्षें खोल जात होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या क्रमांतील संगति चटकन् कळेल. मालाची जात बदलत गेली, गिऱ्हाईक मात्र एकच राहिलें, आणि तें म्हणजे शेतकरी. त्याचें पुढचें दुखणें कोणतें हें ओळखून पुढचा माल आणावयाचा, हा त्या साऱ्या वाढीचा धागा होता.

१९९० नंतरच्या दशकांत हा धागा तुटला. भांडवलाचा बाजार उसळला होता, पैसा सुलभ झाला होता, आणि या पेढीनें वित्तव्यवहार, संगणक, ग्रॅनाइटचा दगड अशा शेतीशीं संबंध नसलेल्या धंद्यांत हात घातला. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी अवस्था व्हावयास वेळ लागला नाहीं. तोटा झाला, कर्ज चढलें, भागधारकांचा पैसा अडकला. अशा प्रसंगीं मालकानें काय बोलावें याचा पाठ ठरलेला असतो. सरकारचें धोरण वाईट, बाजार वाईट, हाताखालचीं माणसें वाईट. भवरलाल जैन यांनीं तो पाठ म्हटला नाहीं. चूक आपली आहे असें सांगून त्यांनीं भागधारकांची जाहीर माफी मागितली, भलते धंदे आवरते घेतले व पेढी पुन्हां पाणी, नळी आणि शेतमाल यांवर आणून बसविली. २००२ सालीं एका परदेशी गुंतवणूकदारानें त्यांत भांडवल घातलें. ज्या घरानें आपला तोटा स्वतःच्या तोंडानें सांगितला, त्या घरांत पैसा घालण्याचें धैर्य परक्यास झालें, ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंनीं नीट लक्षांत घ्यावी.

कारण आपल्या पेठेंत जें शहाणपण पिढ्यानुपिढ्या शिकविलें जातें तें याच्या नेमकें उलट आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. तेजींत तें खरेंही असेल, कारण तेव्हां मूठ उघडून पाहण्याची गरज कोणास नसते. मंदींत प्रत्येक धनको तीच मूठ न्याहाळीत असतो. मालक गप्प बसला म्हणजे त्याच्या मौनाचा अर्थ बाजार लावतो, आणि तो नेहमीं वस्तुस्थितीहून वाईट लावतो. मग चांगले धनको आधीं निघून जातात. राहतात ते महिन्याच्या व्याजानें पैसा देणारे. जुनें देणें फेडण्यास नवें, तें फेडण्यास त्याहून महाग, असा फेरा सुरू होतो. प्रथम शेतकऱ्याचे पैसे चार दिवस लांबतात, मग हमालांची मजुरी थकते, मग नात्यांतल्या विधवांनीं विश्वासानें ठेविलेल्या रकमांवर हात पडतो, आणि शेवटीं एके सकाळीं दुकानाची फळी उघडत नाहीं. हा क्रम आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. गेल्या दोन दशकांत जळगांव जिल्ह्यांत कितीएक पतसंस्था याच वाटेनें गेल्या, आणि म्हाताऱ्या ठेवीदारांस आपल्याच पैशासाठीं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. पहिल्या आठवड्यांत जी वही उघडली असती तर आठ आणे तरी हातीं येते, ती तिसऱ्या वर्षीं सरकारी अवसायकानें उघडली.

मात्र आम्ही कोणाची आरती ओवाळावयास बसलों नाहीं. ज्या जळगांवच्या पेढीचा दाखला आम्हीं दिला, तिलाच पुढें पुन्हां कर्जानें गांठलें. २००६-०७ पासून तिनें अमेरिका, इस्रायल इत्यादि देशांतील कंपन्या घेतल्या. इकडे ठिबकाच्या सरकारी अनुदानाचे पैसे वेळेवर येईनात. संस्थापक २०१६ सालीं निवर्तले. आणि २०१९ सालीं देणीं थकलीं. बँकांशीं तडजोड होऊन ती योजना मार्च २०२२ मध्यें अंमलांत आली, आणि २०२३ सालीं परदेशांतील सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनींत विलीन करून कर्जाचा मोठा भार उतरविण्यांत आला. यावरून दोन गोष्टी कळतात. आपल्या मूळ धंद्यांतही अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. धंदा ओळखीचा आहे एवढ्यानें कर्ज ओळख दाखवीत नाहीं. आणि सरकारकडून यावयाचा रुपया खिशांत पडेपर्यंत तो जमेस धरूं नये. सचोटी ही संकट टाळण्याचा ताईत नव्हे. संकट आल्यावर समोरच्या माणसानें आपल्याशीं बोलण्यास बसावें, एवढेंच तिचें काम. पण तेवढ्यावरच पेढी तरते किंवा बुडते.

तिसरें कलम अमळनेरचें. २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हाशम प्रेमजी यांनीं तेथें वनस्पति तेलाची कंपनी स्थापिली. १९६६ च्या ऑगस्टांत ते अकस्मात् वारले, आणि अमेरिकेंत शिकत असलेला त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम यास सर्व सोडून परत यावें लागलें. भागधारकांच्या पहिल्याच सभेंत एका गृहस्थानें, आपले भाग जाणत्या माणसांस विकून मोकळे व्हा, असा सल्ला त्यास तोंडावर दिला. त्या तरुणानें भाषणानें उत्तर दिलें नाहीं. कारखान्यांत लक्ष घातलें. भुईमुगाची खरेदी तेव्हां दाणे दातांखालीं चावून, अंदाजानें होत असे. त्या जागीं ओलावा व तेल यांची रीतसर तपासणी आली. आम्हांस या लहानशा फेरबदलाचें महत्त्व फार वाटतें. चांगल्या हेतूंच्या जोडीस माप नसेल तर सचोटी टिकत नाहीं. दांताच्या निवाड्यांत दलालास जागा आहे, ओळखीस जागा आहे, चहापाण्यास जागा आहे. यंत्राच्या निवाड्यांत ती उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं त्याच कंपनीनें पुढें संगणकाचा धंदा केला व त्यावरच ती जगभर गाजली. मग तुमची एकाग्रता कोठें गेली? आक्षेप रास्त आहे. पण तारखा पाहाव्या. कारभार हातीं आला १९६६ सालीं आणि संगणक आला १९८० च्या सुमारास. मधलीं सुमारें चौदा वर्षें आहे तें घर नीट करण्यांत गेलीं. नवा धंदा कधींच करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पहिल्या धंद्याचें माप चोख झाल्यावांचून, आणि केवळ शेजाऱ्यानें केला म्हणून, दुसरा करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

धुरीणत्वाविषयीं थोडक्यांत बोलतों. मंदीचा पहिला घाव कोणाच्या ताटावर पडतो, यावरून मालक कळतो. आमच्याकडे तो बहुधा हमाल, मापाडी व दिवाणजी यांच्या ताटावर पडतो, आणि त्याच वर्षीं मालकाच्या घरचें लग्न मात्र पूर्वीच्याच थाटांत, किंबहुना पत राखण्याच्या नांवाखालीं अधिक थाटांत होतें. धनकोस इतकें कळत नसेल काय? दाराशीं देणेकरी उभे असतां मांडवावर केलेली रोषणाई पत वाढवीत नाहीं. ती ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्या डोळ्यांत खुपते. मालकानें आधीं स्वतःची उचल कमी करावी, मग घरखर्च, मग मोटारगाडी; आणि इतक्यानेंही भागलें नाहीं तरच नोकरांस एकत्र बसवून आंकडे दाखवावे. ज्यानें स्वतःचें ताट आधीं सारलें त्याच्यासाठीं माणसें अर्ध्या पगारावर राहिल्याचीं उदाहरणें प्रत्येक पेठेंत सांपडतील.

आतां जळगांव व धुळें येथील व्यापारी मंडळांपुढें तीन सूचना ठेवितों. पहिली अशी कीं कापूस, ज्वारी, मका कोणताही माल असो, ओलावा यंत्रानेंच मोजावा व आंकडा शेतकऱ्यास पट्टीवर लिहून द्यावा. भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देतें, त्यावर कपात करतें व बारा टक्क्यांपुढें माल घेत नाहीं. खाजगी खरेदींत नजरेनें होणारी कपात बंद करण्यास आणखी कोणत्या कायद्याची वाट पाहावयाची? दुसरी सूचना देण्याविषयीं. बाजार समितींत शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशीं द्यावयाचे, आणि लहान कारखानदाराचें देणें २००६ च्या कायद्याप्रमाणें करार असला तरी ४५ दिवसांच्या आंत फेडावयाचें. २०२४ पासून हें देणें मुदतींत न देणारास तो खर्च प्राप्तिकरांतही त्या वर्षीं वजा मिळत नाहीं. हे नियम पाळणाऱ्या पेढ्यांचीं नांवें मंडळांनीं दरवर्षीं पाडव्यास जाहीर करावीं. न पाळणारांचीं नांवें आपोआप कळतील. तिसरी सूचना सर्वांत कठीण. अडचणींत आलेल्या व्यापाऱ्यानें पहिल्याच महिन्यांत वही घेऊन येऊन बसावें, व सर्व धनकोंनीं मिळून त्यास हप्ते बांधून द्यावे, अशी एक पंचसमिति प्रत्येक पेठेनें नेमावी. तेथें येणारास दिवाळखोर म्हणून हिणवूं नये. आज लोक वही लपवितात याचें अर्धें कारण लबाडी असेल, पण अर्धें कारण आपली कुचेष्टाच आहे.

धुळ्याची पेठ कशी वसली तें पाहा. १८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्ज यानें हें गांव जिल्ह्याचें ठाणें केलें, तेव्हां येथें व्यापारी आणण्यासाठीं घरांस जागा बिनभाड्यानें व बांधकामास उचल द्यावी लागली. जागा व उचल सरकारनें दिली. पत मात्र त्या वेळीं आलेल्या माणसांनीं आपल्या शब्दावर मिळविली, आणि तीच वारसा म्हणून आमच्यापर्यंत आली आहे. येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वह्यांवर कुंकू वाहतांना जुनी वही कोणापुढें उघडावयाची राहिली आहे, हें प्रत्येकानें एकदां मनाशीं पाहावें.