उंबरठा न ओलांडता झालेली चोरी

पूर्वी घरात चोरी झाली म्हणजे तिच्या खुणा मागे राहत. कुलूप तुटलेले, परसदाराची कडी निखळलेली, ट्रंका उलट्यापालट्या पडलेल्या. आणि चोर घरचा की बाहेरचा, या प्रश्नाचा निकाल बहुधा त्या खुणाच लावीत. क्रेडिट कार्डावरील चोरीची गोष्ट निराळी आहे. कार्ड पाकिटात जागच्या जागी असते, घरातील काडीही हललेली नसते, आणि पैसे मात्र गेलेले असतात. अशा वेळी पहिली शंका येते ती घरातल्याच माणसांची. या शंकेपायी आम्ही चार दिवस व्यर्थ दवडले आणि एका निरपराध मुलाचे मन दुखविले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुटुंबे आमच्यासारखीच एकत्र आहेत. म्हणून ही हकीकत, संकोच वाटत असताही, येथे सांगत आहोत.

आमचे बिऱ्हाड जळगावास, आणि धाकटे बंधू नोकरीनिमित्त धुळ्यास असतात. त्यांचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील एका शुक्रवारी पहाटे आमच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला की, आमच्या कार्डावर १८,६४० रुपयांची खरेदी झाली आहे. दुकानाचे नाव सर्वस्वी अनोळखी. पंधराच दिवसांपूर्वी पुतण्याने परीक्षेची फी भरण्यासाठी तेच कार्ड मागून घेतले होते. मनाने या दोन गोष्टींची सांगड लगेच घातली. त्याला विचारावे तर तो दुखावेल, आणि खरेच निघाले तर बंधूंना तोंड कसे दाखवावे, अशा विचारात आम्ही गप्प राहिलो. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले. आम्ही उडवाउडवीची उत्तरे दिली. रविवारी सायंकाळी मात्र राहवेना. धुळ्यास फोन करून आम्ही म्हणालो, "मुलाच्या खर्चाकडे जरा लक्ष असू दे." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग बंधू एवढेच बोलले, "दादा, मी येतो."

सोमवारी रात्री दुसरा संदेश आला. या खेपेस ११,२७५ रुपये. त्या वेळी पुतण्या आमच्याच पंक्तीला जेवीत होता. हात ताटात असलेल्या मुलाने खरेदी केली, असे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. मंगळवारी सकाळी बंधू पारोळा-एरंडोलमार्गे पहिल्या एस.टी.ने आले आणि सर्व प्रकार उघड झाला. पुतण्याने दोन्ही संदेश वाचले. त्याने राग धरला नाही की स्वतःची बाजूही मांडली नाही. त्याने एकच प्रश्न केला, "मोठेकाका, तुम्ही कार्ड बंद केलंत का?"

आम्ही ते केले नव्हते! दुसरी रक्कम गेली ती केवळ यामुळे.

घरातील कोणाचाही दोष नसता अशी चोरी कशी होते, हे आम्हास नंतर कळले. कार्डावरचा क्रमांक, त्याची मुदत आणि मागील बाजूचे तीन अंक एवढे हाती लागले की प्रत्यक्ष कार्डाची गरज उरत नाही. आपल्या देशात कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना आणखी एक पडताळणी हवी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००९ सालीच घातला; मोबाइलवर येणारा ओटीपी तो हाच. परंतु परदेशातील दुकानदाराने तो मागितलाच पाहिजे, असे बंधन त्या वेळी नव्हते. आमच्या दोन्ही खरेद्या परदेशी होत्या.

खुद्द बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट अनेकांच्या स्मरणात असेल. २०१८ च्या ऑगस्टात तिच्या यंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढण्यात आले. परदेशी बँकेत परस्पर वळविलेली रक्कम धरून एकंदर ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. यात कोणा खातेदाराच्या पुतण्याचा किंवा सुनेचा काय संबंध? पण आपल्या खात्यावर काही विपरीत दिसले की आपण प्रथम घरातील तोंडे न्याहाळू लागतो.

आता कायद्याची बाजू. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी दिवसांच्या हिशेबाने ठरविली. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, कोणा तिसऱ्यानेच डाव साधला, अशा प्रसंगी संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळविल्यास, पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दहा हजारांपर्यंतचा भार ग्राहकाला सोसावा लागतो. त्याहूनही उशीर झाला तर बँकेचे धोरण असेल तसे. चूक बँकेची असेल तर मात्र ग्राहकावर भार नाही. कळविल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करावयाची, नव्वद दिवसांत निकाल लावावयाचा, आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेनेच वाहावयाचे. ज्याने ओटीपी किंवा गुप्त अंक स्वतःच दुसऱ्यास सांगितला, त्याचे नुकसान मात्र त्याच्याच माथी. पण कळविल्यानंतर जे जाईल ते त्यालाही भरावे लागत नाही. तेव्हा फसगत आपल्या चुकीने झाली असली तरी लाजेने गप्प बसणे सर्वांत महाग पडते. असे नियम वेळोवेळी बदलतात. ते बँकेकडून विचारून घ्यावेत.

आमचा शुक्रवार संदेशाचा म्हणून वगळला, रविवार सुटीचा गेला. शनिवार, सोमवार आणि मंगळवार मिळून तीन दिवस भरत होते. त्या मंगळवारीच पुतण्याने फोन लावून दिला, म्हणून पहिल्या रकमेपुरते आम्ही काठावर निभावलो.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. संदेश दिसताच कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करावे. हा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कारण तेथे भामट्यांनी आपलेच क्रमांक पेरून ठेवलेले असतात. तक्रारीचा क्रमांक, दिवस आणि वेळ वहीत टिपून ठेवावी व लेखी तक्रारही द्यावी. सरकारच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पुढे गेलेली रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. परदेशी खरेदीची सोय लागत नसेल तर ती बंदच ठेवावी. घरात काही विचारावयाचे असेल ते या सर्वानंतर, आणि सर्वांसमक्ष विचारावे.

आमच्या दोन्ही रकमा प्रथम तात्पुरत्या जमा झाल्या आणि दोन महिन्यांनी कायमच्या मिळाल्या. पुतण्याची क्षमा आम्ही त्याच मंगळवारी, बंधूंच्या देखत मागितली. "असू द्या हो, मोठेकाका," असे तो हसून म्हणाला खरा. परंतु त्यानंतर दीड वर्ष त्याने आमच्याकडे कार्ड मागितले नाही. फी भरावयाची झाली की तो धुळ्यास फोन करी. आम्ही ते पाहत होतो आणि काही बोलू शकत नव्हतो.

गेल्या महिन्यात तो आमच्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मोठेकाका, अर्ज भरायचा आहे, कार्ड देता का?" आम्ही पाकीटच त्याच्या हाती दिले.