घोडीमागे कुत्रे लागले तर?

नगर-भिंगारकडे निकाहच्या वरातीत दुल्हा घोडीवर असतो, कधी पुढ्यात एखादं लहान मूलही बसवतात. गल्लीतली मोकाट कुत्री भुंकत आली की आपण ओरडतो, "पळवा घोडी!" चूक इथेच होते. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

घोडीला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. कुत्रा मागून आला की ती बिचकते, लाथ झाडते आणि वर बसलेला पडतो. म्हणून घोडी थांबवा, मूल लगेच खाली घ्या. घोडीवाल्या चाचांना तिचं तोंड हळूच कुत्र्याकडे वळवू द्या. एवढं मोठं जनावर समोर आलं की बहुतेक कुत्री मागे सरतात. मग सावकाश पुढे निघा. दगड मारू नका, त्यानं घोडीच बिथरते.

कुत्रा चावलाच तर हळद, चुना, मिरची लावू नका. जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं मोफत मिळते, सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. घोडीला चावा बसला तर तिलाही त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, रेबीज तिलाही होतो.