माँटिचेलोचा मुदपाकखाना

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातले जुने मळेदारांचे वाडे पाहायला गेलं, की स्वयंपाकघर मुख्य घरात सापडत नाही. ते मागच्या अंगणात, स्वतंत्र छपराखाली असतं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: आगीची भीती. ती खोटी नव्हती. पण हिवाळ्यात त्याच घरांच्या दिवाणखान्यांत नि झोपायच्या खोल्यांत लाकडं धडधडत असत, तिथे ही भीती आडवी आली नाही. रॉबर्ट बेव्हर्लीने १७०५ साली व्हर्जिनियाचा इतिहास लिहिताना वेगळंच कारण नोंदवलं. रांधणं-धुणं बाहेरच्या इमारतींत असल्यामुळे राहतं घर थंड राहतं, घाण वास येत नाहीत. आणि कोणाच्या घामाने हे रांधणं-धुणं होत होतं? सतराव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या करारबद्ध नोकरांच्या जागी आफ्रिकेतून आणलेले गुलाम आले, आणि त्याच सुमारास चूलही घराबाहेर गेली. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या लष्करी छावण्यांतल्या साहेबी बंगल्यांचा बावर्चीखानाही मागच्या बाजूला, नोकरांच्या खोल्यांलगतच असे.

थॉमस जेफरसनच्या माँटिचेलो या वाड्यात हे अंतर फार कौशल्याने बांधून काढलेलं आहे. १८०९ मध्ये तयार झालेलं नवं स्वयंपाकघर दक्षिणेकडच्या गच्चीखाली होतं. तिथून झाकलेल्या बोळातून ताटं तळघरात, मग अरुंद जिन्याने वर. जेवणघराच्या दारालाच फळ्या होत्या. वाढपी पलीकडून पदार्थ मांडून दार फिरवत, आणि पाहुण्यांपुढे अन्न येई, माणूस येत नसे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या घरातलं हे दार आहे. जेफरसन स्वतः स्वयंपाकघरात यायचा तो घड्याळाला चावी द्यायला, अशी आठवण आयझॅक या त्याच्या गुलामाने मागे ठेवली आहे.

आत काय चाले, ते मात्र नीट पाहण्यासारखं आहे. साध्या घरांत एकच रुंद चूल असे. निखारे ओढून फरशीवर त्यांचे लहान-मोठे ढीग करायचे, त्यावर तिवई, तिवईवर भांडं. एका विस्तवाच्या अशा पाच-सहा चुली होत. बिडाच्या तीन पायांच्या भांड्यात पाव भाजायचा, तर काठाच्या झाकणावरही निखारे रचत; आपल्या पाठारे प्रभूंच्या घरांत भानोलं असंच खाली-वर विस्तव ठेवून होई. माँटिचेलोत याखेरीज फ्रेंच पद्धतीचा विटांचा ओटा होता. त्याला आठ तोंडं, प्रत्येकात कोळशाची वेगळी आच. अंड्याचं सॉस फाटू द्यायचं नाही, तर अशी आटोक्यातली आच लागते. ती आच हाताच्या अंदाजाने राखावी लागे, आणि असा हात वर्षानुवर्षांच्या सरावानेच बसतो.

ही विद्या इथे आणली जेम्स हेमिंग्जने. तो जेफरसनचा गुलाम आणि जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊही. १७८४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याला पॅरिसला नेलं. तिथे तो नामांकित आचाऱ्यांच्या हाताखाली शिकला, पदरच्या पैशांनी फ्रेंच शिकवणी लावली, जेफरसनच्या मुदपाकखान्याचा प्रमुख झाला. सुटकेची अट कागदावर उतरली ती १७९३ मध्ये: आपल्या जागी दुसरा आचारी तयार कर, मग मोकळा. त्याने धाकट्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि १७९६ साली तो मुक्त झाला. निघताना त्याने तांब्याची पातेली, साचे, मासे शिजवायची भांडी अशी सगळी यादी स्वहस्ते लिहून दिली. ती आजही आहे. १८०१ मध्ये, छत्तिशीत, बाल्टिमोरला त्याने आत्महत्या केली.

नव्या स्वयंपाकघरात उभी राहिली एडिथ फॉसेट. पंधराव्या वर्षी, १८०२ मध्ये, तिला वॉशिंग्टनला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसनच्या निवासात, फ्रेंच आचारी ऑनोरे ज्युलियाँकडे शिकायला पाठवलं. महिना दोन डॉलर बक्षिसी, पगार नाही. तिच्या नवऱ्याचं नाव जो फॉसेट; तो लोहारकाम करी आणि माँटिचेलोतच राहिला. १८०६ मध्ये तो न विचारता वॉशिंग्टनला गेला आणि पकडला गेला. १८२४ च्या डिसेंबरात राजकारणी डॅनियल वेब्स्टर माँटिचेलोत जेवला. जेवण अर्धं व्हर्जिनियाचं, अर्धं फ्रेंच, रुचकर आणि भरपूर, असं त्याने लिहून ठेवलं. ते अन्न एडिथच्या हाताखाली झालेलं होतं. श्रेय गेलं यजमानाच्या अभिरुचीला, आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकांतूनही ते तिथेच राहिलं.

१८२६ मध्ये जेफरसन वारला. मृत्युपत्राने जोला मुक्ती दिली. एडिथ आणि मुलं १८२७ च्या जानेवारीत लिलावात उभी केली गेली. बायकोला आणि काही मुलांना सोडवण्यासाठी जो राबला, पण त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पीटर परक्याकडे गेला आणि दोन दशकांहून अधिक काळ गुलामीत राहिला. सुटल्यावर तो सिनसिनाटीला आईवडलांकडे पोचला. तिथे त्याने मेजवान्यांचे स्वयंपाक करून देण्याचा धंदा केला, आणि धर्मोपदेशक म्हणूनही नाव मिळवलं.