दुर्योधनाच्या घरचे जेवण

अलीकडे कारखानदारांच्या मेळाव्यांतून रामायण-महाभारताचा फार गजर ऐकू येतो. मोठ्या हॉटेलातील थंड सभागृहात पुण्या-मुंबईचे व्याख्याते येतात आणि हनुमंतापासून कार्यनिष्ठा, अर्जुनापासून एकाग्रता व खारीपासून समाधानी वृत्ती शिकावी असे अधिकाऱ्यांस सांगून जातात. अशा एका सभेस आम्हांसही एकदा आमंत्रण होते. खारीची गोष्ट सांगून झाल्यावर वक्ते आमच्याकडे पाहून प्रसन्नपणे हसले. खारीने पगारवाढ मागितली नव्हती, असे त्यांना सुचवावयाचे असावे.

आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाळूजच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि रात्री वाचनालयात. चिपळूणकर मंडळीने काढलेल्या महाभारताच्या मराठी भाषांतराचे जाड खंड आम्ही दोन पावसाळ्यांत वाचून काढले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की या ग्रंथांत व्यवस्थेविषयी पुष्कळ सांगितले आहे. पण सभागृहांतून जे सांगतात ते बहुतेक भलतेच. खारीची गोष्ट तर वाल्मीकींच्या रामायणात मुळी नाहीच. ती मागाहून लोकांनी प्रेमाने जोडली. गोष्ट गोड आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही.

मुळात काय आहे ते पाहू. सभापर्वात नारद युधिष्ठिराच्या नव्या सभागृहात येतात. मयासुराने बांधलेले ते सभागृह म्हणजे त्या काळचे सर्वांत झगझगीत कार्यालय होय. नारद इमारतीची स्तुती करण्याआधी प्रश्नांची लांबच लांब माळ लावतात. सैन्याचा शिधा आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, थकवीत तर नाहीस? अनुभवी, तुझे हित पाहणाऱ्या माणसांना काही अपराध नसता कामावरून काढीत तर नाहीस? तुझ्यासाठी जे मेले त्यांच्या बायकांचे पोषण करतोस ना? वेतनाचा हाच प्रश्न रामायणातही आहे. चित्रकूटावर भरत भेटीस आला असता, पित्याच्या मृत्यूची वार्ताही अजून कानी पडलेली नसताना, राम त्यास राज्यकारभाराविषयी विचारू लागतो. त्यात तो बजावतो की शिधा-वेतनाची वेळ टळली म्हणजे चाकर धन्यावर रुसतात, बिघडतात आणि त्यातून मोठा अनर्थ होतो.

आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. हजाराहून कमी माणसांच्या कारखान्यात पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे, असे १९३६ च्या कायद्याने ठरविले. म्हणजे नारदाचे दोन प्रश्न कायद्याच्या पुस्तकात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आणि कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या पोराला विचाराल, तर तो प्रश्न अजून पुस्तकातच आहे असे तो सांगेल.

आता ज्या प्रकरणाने आम्हांस खरोखर धडा दिला त्याकडे वळतो. ते उद्योगपर्वातील आहे. ‘कृष्णशिष्टाई’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण ती शिष्टाई बारकाईने वाचणारे थोडे. तिच्या आधी युधिष्ठिराने संजयाबरोबर निरोप पाठविला तो पाहा. पांडवांचा हक्क अर्ध्या राज्याचा. युद्ध टळत असेल तर पाच गावांवरही समाधान मानू, असे तो म्हणतो. त्यांपैकी चार गावे तो नावे घेऊन मागतो आणि पाचवे कोणतेही द्या म्हणतो. मागणीपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ‘पाचवे कोणतेही’ ध्यानात ठेवावे. समोरच्याला काहीतरी आपल्या मर्जीने दिल्याचा मान मिळावा यासाठी ठेवलेली ती जागा आहे. दुर्योधनाने पुढे सुईच्या टोकावर राहील एवढीही भूमी नाकारली ही गोष्ट वेगळी. मागणाऱ्याने आपले काम नीट केले होते, आणि हे साऱ्या जगाला दिसले.

मग कृष्ण हस्तिनापुरास येतो. दुर्योधनाने थाटामाटाने जेवणाची सिद्धता केली आहे. कृष्ण जेवत नाही. कारण विचारता तो सांगतो की दूत जेवतात ते काम झाल्यावर. दुर्योधन म्हणतो, काम होवो न होवो, तुझे-आमचे वैर नाही, जेवावयास काय हरकत? त्यावर कृष्णाचे उत्तर अधिक रोखठोक आहे. परक्याचे अन्न माणूस प्रीतीने खातो किंवा अडचणीत सापडला म्हणून खातो; तुझ्यापाशी प्रीती नाही आणि आम्हांवर तशी वेळ आलेली नाही. एवढे बोलून तो विदुराच्या घरी जातो. तेथल्या कण्या लोकपरंपरेने इतक्या गोड करून ठेवल्या आहेत की मूळचा नकार आपण विसरून गेलो.

याच पर्वात थोडे आधी, याच्या अगदी उलट एक माणूस भेटतो. शल्य हा माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो सैन्य घेऊन पांडवांकडेच निघाला होता. दुर्योधनाने त्याच्या वाटेवर जागोजाग मंडप घातले, उत्तम खाणेपिणे ठेवले. ही सोय युधिष्ठिरानेच केली असे समजून शल्य खुश झाला व व्यवस्था करणाऱ्यास बक्षीस देऊ लागला. तेव्हा आडून दुर्योधन पुढे आला आणि माझ्या सैन्याचा नायक हो असे मागून बसला. शल्याचा शब्द गेला, तो गेला. पुढे युधिष्ठिराने त्यास कर्णाचा तेजोभंग करण्याची गळ घातली. तेही काही फारसे शोभले नाही, असे आमचे मत आहे. एका जेवणाने तो माणूस दोन्हीकडचा झाला आणि कुठलाच राहिला नाही.

आम्ही शल्य होऊन पाहिले आहे. गोष्ट १९९८ च्या सुमाराची. एका कारखान्यात त्रैवार्षिक कराराची बोलणी चालू होती. आम्ही तरुण, नवे सरचिटणीस. अकरा कंत्राटी कामगारांना कायम करून घ्यावयाचे हे मागणीपत्रातील सर्वांत अवघड कलम. सायंकाळी बैठक लांबली, तेव्हा कारखान्याचे अधिकारी म्हणाले, उशीर झाला आहे, जेवता जेवता बोलू. जालना रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही गेलो. खरे सांगतो, त्या जेवणात कोणी पैसा दिला नाही, कोणी मागितला नाही. पगारवाढीचा आकडा तर तेथे थोडा वरच सरकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला फाटकावर गेलो. एका वयस्क फिटरने विडी विझवीत विचारले, “काय भाऊ, जेवण झालं का?” सकाळचे सात वाजले होते.

करार वाईट नव्हता. पण तो कोणी वाचलाच नाही. जे कलम वाचावे त्यात लोकांना पनीर दिसू लागले. सभासद फुटले, फाटकावर दुसरा झेंडा लागला, सह्या तीन महिने रखडल्या आणि तेवढ्यात कंत्राट बदलले. त्या अकरांपैकी एकही कायम झाला नाही. त्यांपैकी एक जण आता चिकलठाण्याच्या आठवडी बाजारात भाजी विकतो. आमच्याशी बोलतो, हिशेबही बरोबर देतो. मात्र त्या कराराचा विषय दोघेही काढीत नाही. तेव्हापासून बोलणी कितीही लांबोत, आमचा डबा आमच्या पिशवीत असतो. अधिकाऱ्यांना प्रथम तो अपमान वाटे. आता त्यांनाही सवय झाली आहे. एकदोघे तर आमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी मागून घेतात. ते आमच्याकडे जेवले तर मात्र आमची हरकत नाही.

अभिमन्यूची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण द्रोणपर्वात दोष त्या पोराचा नाही. मला पित्याने व्यूह फोडण्याची विद्या शिकविली, बाहेर पडण्याची नाही, हे त्याने युधिष्ठिरास आधी स्वच्छ सांगितले होते. आम्ही तुझ्या मागोमाग आत येतो, असे वचन वडीलधाऱ्यांनी दिले. आणि दारातच जयद्रथाने त्यांस अडविले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला, त्याविषयी बोलताना आम्हांस हे नेहमी आठवते. डॉ. दत्ता सामंतांच्या धैर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता आणि तो कायदा दारात जयद्रथासारखा उभा होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आत गेलेल्या हजारोंना परतीची वाट सापडली नाही. संपाची नोटीस लिहिण्यापूर्वी आम्ही आता समितीला एकच विचारतो: बाहेर कसे यावयाचे? पुष्कळदा त्यावर शांतता पसरते आणि नोटीस आठवडाभर टेबलावर राहते.

सभागृहांतील व्याख्याते ज्याचे नाव टाळतात तो एकलव्य. कोठे शिकला हे न विचारता तो शिकला. आणि कसब हातात आल्यावर ज्याने शिकविलेच नव्हते त्याने अंगठा मागून घेतला. प्रेसशॉपमध्ये बोटे गमावलेले कितीतरी हात आम्ही हाताळले आहेत. त्यांना द्रोणाचार्यांची थोरवी सांगण्याचे धाडस आम्हांस होत नाही. या ग्रंथांतील सारेच अनुकरणीय नाही, हे ग्रंथकर्त्यांनाही माहीत असावे. नाहीतर त्यांनी ती गोष्ट इतकी झोंबेल अशी लिहिली नसती.

आपल्या जिल्ह्यातले पैठण या विषयात वगळता येणार नाही. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि शिष्य गावबाने ते पुरे केले. या गावबाविषयी पुरणपोळीच्या कथेपलीकडे आपण फारसे बोलत नाही. आमच्या चळवळीत पुढारी गेला की दफ्तराची किल्लीसुद्धा सापडत नाही. वर्गणीची पावतीपुस्तके कोणाकडे आहेत हे त्याच्या विधवेला विचारावे लागते.

आता सेतू. रामायणात तो पाच दिवसांत झाला. पहिल्या दिवशी चौदा योजने, मग वीस, एकवीस, बावीस, तेवीस. दिवसागणिक वाढते हे उत्पादन व्याख्यात्यांना फार आवडते. काम नलाच्या देखरेखीखाली झाले आणि देखरेख करणाऱ्याला स्वतःला ते काम येत होते, हे ते घाईत सांगून टाकतात. त्या कामकऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. युद्ध संपल्यावर इंद्र रामास वर माग म्हणतो. राम स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्यासाठी मेलेले वानर उठावेत, आणि ते जेथे राहतील तेथे अवेळीसुद्धा फळेमुळे असावीत, नद्या निर्मळ वाहाव्यात, एवढे तो मागतो. विमानात बसण्यापूर्वी बिभीषणाकडून या सर्वांना रत्ने व धन देववितो. हिशेब चुकता झाल्याशिवाय अयोध्येचा प्रवास सुरू होत नाही.

वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर हे रामायण ओळीओळीने कोरले आहे; उत्तरेस महाभारत. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, डोंगर माथ्यापासून खाली फोडीत आणला आणि देऊळ निघाले. आम्ही दरवर्षी नव्या सभासदांना तेथे नेतो. दगड वाहणाऱ्या वानरांच्या रांगेपुढे मागच्या हिवाळ्यात एक पोरगा बराच वेळ उभा राहिला. शेंद्र्याला कंत्राटावर असतो, महिन्याची वीस तारीख उलटली तरी पगार नव्हता. आम्हांस वाटले कोरीवकाम पाहतो आहे. तो बोटाने वानर मोजीत होता. मोजून झाल्यावर त्याने विचारले, “भाऊ, हे कोरणाऱ्यांची हजेरी कोण मांडत होतं?”

आम्हांस सांगता आले नाही. परत येताना एसटीत त्याने आपल्या हजेरीकार्डाची छायाप्रत आमच्या हाती दिली. ते प्रकरण आज सहायक कामगार आयुक्तांपुढे आहे.