सही राजाची, बोल राणीला

अम्मान :

जॉर्डनच्या राजघराण्यात काही खुट्ट झालं की पुण्या-नागपूरच्या मित्रांचा ठरलेला प्रश्न येतो : ‘‘यामागे राणीच असणार ना?’’ राजवाड्यात देखणी, शिकलेली राणी आहे म्हटल्यावर डाव तीच टाकणार, हे आपण धरूनच चालतो. इथे राहून मला नेमकं उलटं दिसतं. वारस राजा ठरवतो, फर्मानावर सही राजा करतो. राणीच्या हातात राज्यघटनेने काहीच दिलेलं नाही.

राणी नूर यांचंच बघा. वॉशिंग्टनमध्ये जन्मलेल्या, प्रिन्स्टनला वास्तुरचना शिकलेल्या लिसा हलाबी १९७८ साली राजे हुसेन यांची चौथी पत्नी झाल्या. आधीची राणी आलिया १९७७ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेलेली, तिची मुलं लहान. हुसेन यांचे धाकटे भाऊ हसन १९६५ पासून युवराज होते. जानेवारी १९९९ मध्ये कर्करोगाने खंगलेले हुसेन अमेरिकेहून परतले आणि त्यांनी चौतीस वर्षं युवराज राहिलेल्या हसनना काही दिवसांत दूर केलं. भावाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात लष्करातल्या ढवळाढवळीबद्दल नाराजी होती, तसाच आपल्या बायकोमुलांची बदनामी झाल्याचा सलही होता.

माझ्या घरमालकीणबाईंना हा महिना तोंडपाठ आहे. मरामिया या सुगंधी पाल्याचा चहा ओतता ओतता त्या दोन्ही जावांचा हिशेब मांडतात : नूरने नवऱ्याचे कान भरले, हसनची बायको सर्वत हिने तर राजा आजारी असतानाच महालाची सजावट बदलायला घेतली. हे कुणी पाहिलं? ‘‘सगळं गाव बोलत होतं!’’ मग निर्णय राजाचा नव्हता का, असं विचारलं की त्या पेल्यात आणखी साखर घालतात आणि विषय बदलतात. राजाचा, आणि कायद्याने राणीचाही, अवमान हा इथे गुन्हा आहे. तरी लोक बोलतात ते राण्यांबद्दलच.

या सर्वत मूळच्या कलकत्त्याच्या, आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेल्या हिदायतुल्लांच्या पुतणी. नागपूरकरांनी तरी त्यांच्याबद्दलच्या कंड्या पिकवण्याआधी थोडं थांबायला हवं.

नूर खरोखरच सर्वशक्तिमान असत्या तर गादी त्यांच्या मुलाला, हमझाला मिळाली असती. ती मिळाली मुना या ब्रिटिश पत्नीच्या मुलाला, आताचे राजे अब्दुल्ला यांना. हमझा नुसते युवराज झाले. २००४ मध्ये तेही पद भावाने काढून घेतलं आणि २०२१ मध्ये त्यांना घरातच कोंडलं. तेव्हा या ‘कारस्थानी’ आईच्या हातात उरलं काय? निरपराधांना न्याय मिळो, अशी जाहीर प्रार्थना.

आताच्या राणी रानिया मूळच्या पॅलेस्टिनी. २०११ च्या फेब्रुवारीत टोळ्यांच्या ३६ प्रमुखांनी पत्रक काढलं, तेव्हा रोख त्यांच्यावरच होता. सिंहासनाकडे बोट दाखवणं महागात पडतं, शेजारच्या खुर्चीकडे दाखवणं त्या मानाने स्वस्त.

जॉर्डनच्या लोकांना निदान कायद्याचं भय आहे. आपल्याला कसलं? १६८० मध्ये दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात अण्णाजी दत्तोंसारखे मुरलेले कारभारी पुढे होते. पण नाटकात, कीर्तनात, पारावरच्या गप्पांत खलनायिका कोण? सोयराबाई. नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. राघोबादादांचा कट हळूच बाजूला सरतो आणि ‘ध’ चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाई मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक. राजाच्या अवमानाचा तसला कायदा आज आपल्याकडे नाही, तरी आपण तेच करत आलो. याचा मला फार राग येतो, कारण कागदपत्रं तपासण्याची, बखरीतलं खरंखोटं निवडण्याची थोर परंपरा आपलीच आहे. माझ्या घरमालकीणबाईंना जे विचारता येत नाही, ते आपल्याला मोकळेपणाने विचारता येतं. पुढच्या वेळी अम्मानची बातमी आली की ‘राणीने काय केलं’ याऐवजी ‘सही कुणाची होती’ एवढं विचारा. आणि तोच प्रश्न रायगड-शनिवारवाड्यालाही विचारून पाहा.