विमान जाते, क्रमांक राहतो

पांढुर्णा-सौसरच्या रस्त्यावर गाडी कुठली हे पाटीवरूनच कळते. एमपी 28 म्हणजे छिंदवाडा, एमएच 31 म्हणजे नागपूर, आणि केए 22 दिसले की बेळगावकडचा ट्रक. 2023 मध्ये हे दोन तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी जुन्या गाड्यांवरचा 28 पुसला गेलेला नाही. क्रमांकात गावाची आठवण असते. विमानवाहू नौकेवरही तसेच आहे.

अमेरिकेच्या नौदलात एका नौकेवरच्या सर्व स्क्वाड्रन मिळून एक ‘विंग’ होते. विमानाच्या शेपटीवर दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर ‘ए’ असेल तर अटलांटिकचा ताफा, ‘एन’ असेल तर पॅसिफिकचा. नाकावर तीन आकडे. साधारणपणे 100 ची मालिका एका स्क्वाड्रनची, 200 ची दुसरीची. शेवटी दोन शून्ये असलेले विमान विंगच्या प्रमुखाच्या नावे रंगवतात. हा केवळ शोभेचा भाग नाही. उतरणाऱ्या विमानाला डेकवरची तार अडवते, आणि विमानाच्या वजनाप्रमाणे तिची ओढ आधी ठरवावी लागते. कोण येत आहे हे कळायलाच हवे.

आपल्या नौदलाची पद्धत साधी आहे. 300 च्या पुढचे क्रमांक आघाडीच्या स्क्वाड्रनचे, 550 च्या आसपासचे प्रशिक्षणाचे. 300 क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ 1960 मध्ये सी हॉक विमानांवर उभी राहिली. डिसेंबर 1971 मध्ये याच विमानांनी ‘विक्रांत’वरून उडून चितगाव आणि कॉक्सबझारवर हल्ले केले. 1983 मध्ये सी हॅरियर आले. त्या काळात अपघातांत काही वैमानिकही गेले. 2016 मध्ये सी हॅरियर निवृत्त झाले, पण स्क्वाड्रन मोडली नाही. तोच 300 आता मिग-29के वर आहे. 310 चेही तसेच. पूर्वी आलिझे विमाने घेऊन ती ‘विक्रांत’वर होती, पुढे गोव्यात किनाऱ्यावरून डॉर्निअर उडवू लागली.

नौकेचेही तेच. पहिल्या ‘विक्रांत’चा क्रमांक आर 11. ती 1997 मध्ये निवृत्त झाली आणि 2014 मध्ये भंगारात निघाली. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत नवी ‘विक्रांत’ दाखल झाली, ती आर 11 घेऊनच.

कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या आपल्या घरांना यातली गावे परकी नाहीत. कारवारच्या नौदल तळाला बनवासीच्या कदंबांचे नाव आहे, आणि मिग गोव्यातल्या ‘हंसा’ तळावरचे. सुट्टीत गोव्याला गेलात, तर बोगमाळोचे नौदल उड्डाण संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. सी हॉक, आलिझे, सी हॅरियर तिथे उभी आहेत. माणसे बदलली, यंत्रे बदलली. नव्या वैमानिकाला मात्र गेलेल्यांचाच क्रमांक मिळतो, आणि तो जपण्याची जबाबदारीही.