मरणोत्तर शौर्यपदकांचा फेरविचार

रणांगणावर पडलेल्या सैनिकाला मिळालेला सन्मान त्याच्या पराक्रमाच्या मानाने उणा होता, असे त्याच्या घरच्यांना वाटत राहावे, यात अस्वाभाविक असे काही नाही. प्रश्न असा आहे, की या वाटण्याची दखल शासनाने घ्यावी काय? घ्यावी तर कोणत्या कसोटीवर, आणि किती वर्षे उलटल्यानंतर? सावनेर, काटोल, रामटेक या भागाला हा प्रश्न परका वाटू नये. गार्ड्स पलटणीचे केंद्र ज्या कामठीत आहे, ती येथून फार दूर नाही. १९७१ च्या डिसेंबरात गंगासागर येथे लढताना धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी लान्स नायक अल्बर्ट एक्का याच पलटणीचे. एक्कांचा पराक्रम पाहणारे साथीदार जिवंत राहिले, त्यांनी साक्ष दिली आणि शिफारस वरपर्यंत पोचली. ज्यांचा पराक्रम पाहायला कोणी उरलेच नाही, त्यांचे काय?

शौर्यपदकाची वाट शिफारशीच्या मार्गाने जाते. तुकडीचा अधिकारी हकिगत लिहितो, ती ब्रिगेड, डिव्हिजन, कमांड अशी चढत मुख्यालयात येते, तेथून संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे आणि शेवटी राष्ट्रपतींकडे जाते. या साखळीतील पहिली कडी म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. तो मेला, जखमी होऊन इस्पितळात पडला किंवा शत्रूच्या कैदेत गेला, की पुढची सारी साखळी निरर्थक ठरते. म्हणजे पदकाची इयत्ता केवळ शौर्यावर ठरत नाही. ते शौर्य कोणी पाहिले आणि कोणी कसे लिहिले, यावरही ती अवलंबून असते. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही, परंतु अन्याय मात्र होऊ शकतो.

याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या यांचे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टियर विमाने पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ला करण्यास निघाली. देवय्या राखीव वैमानिक होते. एक विमान मोहिमेतून गळाले, तेव्हा ती जागा त्यांनी घेतली. परतीच्या वाटेवर पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर विमान पाठीमागे लागले. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, तर मिस्टियर त्याच्या मानाने जुने आणि मंद. अशा विषम झुंजीत देवय्यांनी ते विमान पाडले आणि स्वतःही प्राण गमावले. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन विमानातून उडी टाकून वाचले. देवय्यांचे सहकारी पुढे निघून गेले होते, त्यामुळे ही झुंज भारताच्या बाजूने कोणीच पाहिली नाही. दप्तरात एवढीच नोंद झाली, की एक विमान व एक वैमानिक परतला नाही.

खरी हकिगत उजेडात आली ती ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून, आणि तीही पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिलेल्या पुस्तकातून. त्यानंतर त्या मोहिमेचे नेतृत्व करणारे अधिकारी ओ. पी. तनेजा यांनी हे प्रकरण धसास लावले. हवाई दलाने पडताळणी केली आणि १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

या घटनेचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. परकीय लेखकाने ते पुस्तक लिहिले नसते तर? शत्रूपक्षाने आपले विमान पडल्याचे कबूलच केले नसते तर? तनेजांसारखा अधिकारी हयात नसता, किंवा त्याला या गोष्टीची कळकळ नसती तर? हा न्याय योगायोगांच्या आधारे झाला आणि योगायोग म्हणजे व्यवस्था नव्हे.

इतर देशांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकेच्या हेन्री जॉन्सन या कृष्णवर्णी सैनिकाने आर्गोनच्या अरण्यात जर्मन टोळीशी एकाकी झुंज दिली. फ्रान्सने त्याला लगेच पदक दिले, मात्र त्याच्या स्वतःच्या देशाने काहीच दिले नाही. १९२९ मध्ये तो वारला. तेथील सर्वोच्च सन्मान असलेले ‘मेडल ऑफ ऑनर’ त्याच्या नावे जाहीर होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णी सैनिकांना हेच पदक १९९७ मध्ये मिळाले. त्यांपैकी एकच तोवर जिवंत होता. येथे पुरावा नवा नव्हता. जुना पुरावा वर्णद्वेषाच्या चष्म्यातून वाचला गेला होता, हे मान्य करण्याचे धैर्य तेवढे नवे होते. हिंदुस्थानी सैनिकालाही १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती. १९४४ मध्ये इटलीत तो मरणोत्तर मिळवणारे माणगावचे यशवंत घाडगे दोन पिढ्यांआधी जन्मले असते, तर त्यांचे शौर्य त्या पदकाच्या यादीत चढलेच नसते.

ऑस्ट्रेलियातील उदाहरण नातेवाइकांच्या चिकाटीचे आहे. १ डिसेंबर १९४२ रोजी बुडत्या युद्धनौकेवर अठरा वर्षांच्या टेडी शीन या खलाशाने स्वतःला तोफेशी बांधून घेतले आणि पाण्यात पडलेल्या सहकाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या जपानी विमानांवर तो अखेरपर्यंत मारा करीत राहिला. त्याच्या वाट्याला केवळ खलित्यातील नामोल्लेख आला. कुटुंबातील पुढच्या पिढीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१३ च्या चौकशीत नकार मिळाला, २०१९ मध्ये लवादाने शिफारस केली, २०२० च्या मे महिन्यात सरकारने ती फेटाळली आणि तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस मंजूर झाला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निकालाइतकीच प्रक्रियाही आहे. दाद मागण्यास जागा होती, आणि मिळालेल्या उत्तराला कारणे दिलेली होती.

न्यूझीलंडने तिसरी वाट काढली. माओरी पलटणीचे हाने मानाही यांची १९४३ च्या ट्युनिशियातील लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉससाठी शिफारस झाली होती, पण त्यांना खालचे पदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाची पदके आता पुरे, असा राजाचा निर्णय १९४९ मध्ये झाला होता. तो मोडण्यास ब्रिटिश राजसत्ता तयार झाली नाही. तथापि २००७ मध्ये राणीच्या वतीने मानाहींच्या माणसांना तलवार, वेदीवस्त्र व पत्र देण्यात आले. पदक बदलले नाही, पण उणीव राहिली होती हे मान्य झाले.

फेरविचाराला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलक्याने घेता येणार नाही. ज्या अधिकाऱ्यांनी रणधुमाळी अनुभवली त्यांचा निर्णय पन्नास वर्षांनी कचेरीत बसून बदलणे धोक्याचे आहे, असे ते म्हणतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन पटेल, की दुर्मिळता गेली की मोलही जाते. परमवीर चक्र आजवर केवळ एकवीस वीरांना मिळाले, त्यांपैकी चौदा मरणोत्तर. ही कंजुषी त्या पदकाची प्रतिष्ठा राखते. शिवाय एकदा दार उघडले, की जात, प्रांत आणि मतदारसंघ यांच्या नावाने मोर्चे निघतील आणि पदकांचे वाटप निवडणुकीच्या तोंडावर होऊ लागेल, ही भीतीही अनाठायी नाही.

पण कालमर्यादा पवित्र आहे, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. परमवीर चक्राची स्थापनाच २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकरांनी तयार केली. मेजर सोमनाथ शर्मा आणि रामा राघोबा राणे यांचे पराक्रम पदक अस्तित्वात येण्यापूर्वीचे आहेत. मागे वळून मोल ठरविणे हे आपल्या सर्वोच्च सन्मानाच्या जन्मातच आहे.

पैशासाठी ही धडपड चालते, हा आरोपही हिशेबाला उतरत नाही. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार महावीर चक्राचा केंद्रीय भत्ता दरमहा १०,००० रुपये आणि वीर चक्राचा ७,००० रुपये होता. फरक तीन हजारांचा, आणि तोही मुख्यतः पत्नीच्या हयातीपुरता. मुले, नातवंडे, पुतणे यांच्या हाती त्यातले काही पडत नाही. तरीही ती माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात, याचे कारण वेगळे आहे. त्यांना आपल्या माणसाने नेमके काय केले, हे राष्ट्राच्या दप्तरात नीट लिहिलेले हवे आहे.

मग कसोटी कोणती असावी? नवी भावना पुरेशी नाही, नवा पुरावा हवा. शत्रूपक्षाची नोंद, कैदेतून परतलेल्याची साक्ष, गहाळ झालेली आणि पुढे सापडलेली शिफारस किंवा मूळ निर्णयातील उघड दोष, यांपैकी काही असेल तरच प्रकरण पुन्हा उघडावे. ते उघडण्यासाठी निवृत्त सेनाधिकारी, इतिहासकार आणि न्यायाधीश यांचे स्थायी मंडळ असावे. कुटुंबाने अर्ज केला, तर त्याला ठरावीक मुदतीत लेखी व सकारण उत्तर मिळावे. पदक वाढविता येत नसेल तेथे मूळ मानपत्रातील हकिगत दुरुस्त करण्याची मुभा असावी. लोकप्रतिनिधींच्या शिफारसपत्रांना या मंडळापुढे जागा नसावी.

यासाठी दप्तरे उघडी हवीत. युद्धांचे दस्तऐवज सामान्यतः पंचवीस वर्षांत खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्वीकारले. त्याची अंमलबजावणी झाली, तरच माहितीच्या अधिकाराचा अर्ज सैनिकाच्या घरच्यांच्या उपयोगी पडेल. दरम्यान, ज्या घरांना अशी शंका आहे त्यांनी घोषणांपेक्षा कागद जमवावेत. पलटणीच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी आणि हयात साथीदारांची निवेदने तारखेसह लिहवून घ्यावीत. या कामी गावातील शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्याइतका सहज हाताशी असणारा लेखनिक दुसरा नाही.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे मात्र नाही. १९७१ मध्ये विशीत असलेले जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. फ्रिकरसारखा लेखक प्रत्येक लढाईला लाभत नाही. साक्षीदार एकेक करून निघून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर जे जाते ते कोणत्याही समितीला परत आणता येणार नाही. पदक उशिरा देता येते, साक्ष उशिरा घेता येत नाही.